प्रतिक्रियेला उत्तर: "आधी मावशींचा पगार सांगा, मग मूल्यं शिकवा"

प्राथमिक शाळेत कॅथलिक सामाजिक मूल्यं कशी शिकवावीत यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली, ती मी दोनदा वाचली, आणि दोन ओळी लिहून सुटका करून घेणं काही मनाला पटेना म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की सहा ते दहा वर्षांच्या पोरांच्या डोक्यात धर्म भरायचा हा गोड मार्ग आहे, माणुसकी काय सगळ्यांचीच असते मग तिला कॅथलिक लेबल कशाला, 'मानवी प्रतिष्ठा' आणि 'एकजूट' असले जड शब्द मुलं पोपटासारखे पाठ करतात, शाळेतल्या दानपेट्यांवरही एक टोमणा आहे, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की जिथे हे सगळं शिकवता त्या शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींना पगार किती ते आधी सांगा. हा शेवटचा प्रश्न फार लागला मला. त्याच्याकडे येतेच, पण आधीचं आधी.

लेबलचं म्हणाल तर ते लपवणं मला जास्त अप्रामाणिक वाटतं. मी जे शिकवते ते कुठून आलं हे पालकांना कळायला नको का? १५ मे १८९१ ला पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' नावाचं पत्र काढलं, कारखान्यातल्या मजुरांचे जे हाल चालले होते त्यावर, आणि त्यात मजुराचं पोट भरेल इतकी मजुरी हवी असं म्हटलंय, कामगारांनी संघटना करायला हरकत नाही असं म्हटलंय, आणि (मला हे सगळ्यात जवळचं) मुलांचं शरीर आणि मन पुरेसं वाढल्याशिवाय त्यांना कारखान्यात घालू नका असंही म्हटलंय. इथून ही परंपरा सुरू झाली. पुढे १९६३ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी शांतीवरचं पत्र लिहिलं ते फक्त कॅथलिकांना उद्देशून नव्हतं, सद्भावना असलेल्या सगळ्या माणसांना होतं, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर लिहिलं तेव्हा तर पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचंय असंच म्हटलं. तेव्हा माणुसकी आमच्याच मालकीची असा दावा आमच्यात कुणी करत नाही.

धर्म भरण्याबद्दल. माझ्या वर्गात वेगवेगळ्या धर्मांच्या घरातली मुलं आहेत, काही कुठलाच धर्म न मानणाऱ्या घरातली पण आहेत. कुणाच्याही श्रद्धेवर जबरदस्ती करायची नाही हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या (चर्चच्या धर्मप्रमुखांच्या) सभेनं, १९६५ मध्येच लिहून ठेवलंय, त्यामुळे ही काही माझ्या चांगुलपणाची गोष्ट नाही, ते माझ्यावर बंधनकारकच आहे. मी 'आम्ही कॅथलिक असं मानतो' असं म्हणते, 'तुम्ही मानलंच पाहिजे' असं म्हणत नाही. पण एका गोष्टीत माझं तुमच्याशी पटत नाही. धर्म बाजूला काढून नुसती मूल्यं शिकवा म्हणता, तर सात वर्षांचं पोर लगेच 'का?' विचारतं. मला जो आवडत नाही, जो मला ढकलतो, त्याच्याशी मी नीट का वागू? माझ्याकडे याचं उत्तर आहे, की तोही देवाच्या प्रतिमेत घडलाय, त्याची किंमत त्याच्या वागण्यावर ठरत नाही. मुलाला ते पटेल किंवा पटणार नाही, पण टीचर कशाच्या आधारावर बोलतेय हे त्याला माहीत असतं. कारण न सांगता 'चांगलं वागा' म्हणणं हीच मला जास्त जबरदस्ती वाटते.

जड शब्दांबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. भिंतीवर या शिकवणीतल्या सात तत्त्वांचा तक्ता लावायचा आणि पाहुणे आले की मुलांकडून म्हणून घ्यायचा, हे मीही केलंय काही वर्षं, आणि ते चूक होतं. आता शब्द सगळ्यात शेवटी येतो, कधी कधी येतच नाही. पोप पायस अकरावे यांच्या १९३१ च्या पत्रात एक तत्त्व आहे, की जे काम खालचे लोक स्वतः करू शकतात ते वरच्यांनी काढून घेऊ नये, आणि त्यांना झेपेनासं झालं की मात्र मदतीला यावं. याला मराठीत सोपा शब्द मला अजून सापडलेला नाही आणि तिसरीच्या मुलांना तो लागतही नाही. मधल्या सुट्टीत बॉलवरून भांडण झालं की मी लगेच मध्ये पडत नाही, आधी तुम्ही दोघं बोला मग कॅप्टन मग मी, एवढंच. कुणी कुणाला मारत असेल किंवा एकाला सगळे मिळून त्रास देत असतील तर मी त्याच क्षणी जाते, कारण तेही त्याच तत्त्वात आलं.

आता तो प्रसंग सांगते ज्यासाठी मूळ लेख लिहिला होता पण तिथे नीट मांडता आला नाही. बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट आहे. मालक सकाळी काही माणसं कामाला लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायच्या तासभर आधी पण काहींना, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मी गोष्ट सांगायच्या आधी वर्गातलं पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. पहिल्या गटाला तासाच्या सुरुवातीलाच लावलं, दुसऱ्याला मध्ये, आणि शेवटची चार मुलं जी बाकावर बसून होती त्यांना घंटा व्हायला पाच मिनिटं असताना बोलावलं. मग प्रत्येकाच्या वहीवर एकेक स्टार. अहो काय गोंधळ! 'टीचर हे चीटिंग आहे', 'आमचे हात बघा किती काळे झाले', एक मुलगा तर वही आपटून बसला. मी शेवटच्या चौघांना विचारलं, तुम्ही इतका वेळ काय करत होता रे? त्यातला एक, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, म्हणाला, "आम्हाला कुणी बोलावलंच नाही." मत्तयच्या गोष्टीत सगळ्यात शेवटी आलेले मजूर जवळजवळ हेच म्हणतात, आणि त्या पोरानं ती गोष्ट तोवर ऐकलेली नव्हती.

वर्ग गप्प झाला. मग कुणीतरी म्हणालं की मग त्यांनाही आधीच बोलवायला पाहिजे होतं. इथून बोलणं कुठे गेलं माहितीय? काम नसलेल्या माणसाच्या घरी संध्याकाळी काय होतं इथवर. अर्ध्या दिवसाच्या मजुरीत घरच्यांना अर्धीच भूक लागते का, हे एका मुलीनं विचारलं. १८९१ च्या पत्राचा गाभाच तो, आणि मी तो उच्चारलाही नव्हता. हो, आणि एक मुलगी शेवटपर्यंत मानली नाही, मला तरी दोन स्टार पाहिजेत म्हणाली. मी तिला चूक ठरवलं नाही, कष्टाचं मोल मागणं पण याच शिकवणीत बसतं. तुम्ही म्हणता ते डोक्यात भरणं असतं तर तिला गप्प करावं लागलं असतं ना.

दानपेट्यांबद्दल तुम्ही एका वाक्यात टोमणा मारलाय तो खरा आहे. मी आधी ज्या शाळेत होते तिथे कुठल्या वर्गानं गरिबांसाठी किती पैसे आणले याचा आलेख रोज फळ्याशेजारी रंगवला जायचा. एक मुलगा सलग तीन दिवस पोट दुखतंय म्हणून आला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या आईशी बोलल्यावर मला कळलं की देण्यासारखं काही नव्हतं. गरिबांसाठी म्हणून चाललेल्या उपक्रमात गरीब पोरगंच लपून बसलं होतं आणि आम्हा एकाही मोठ्या माणसाच्या ते लक्षात आलं नाही. तेव्हापासून माझ्या वर्गात कुणी काय दिलं हे कुणालाच दिसत नाही, आणि आलेख तर नाहीच नाही.

आणि आता मावशी. १९७१ मध्ये बिशपांची जी सभा रोममध्ये झाली तिच्या निवेदनात साफ लिहिलंय की जो दुसऱ्यांना न्यायाबद्दल सांगायला जातो तो आधी त्यांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे, आणि चर्चसाठी काम करणाऱ्यांना योग्य मोबदला मिळाला पाहिजे. म्हणजे तुम्ही विचारलंत तो प्रश्न बिशपांनी स्वतःलाच आधी विचारून ठेवलाय. कुणाचा पगार इथे जाहीर करणं मला योग्य वाटत नाही, तो त्यांचा खासगी विषय आहे, पण प्रश्न टाळत नाही. मागच्या वर्षी जिना पुसताना मावशी सारख्या खोकत होत्या, आणि माझ्या वर्गातल्या एकानं विचारलं, "टीचर, आम्ही आजारी पडलो की घरी राहतो, मग मावशी का येतात?" त्या कंत्राटावर होत्या, खाडा केला की त्या दिवसाचे पैसे जात होते, आणि त्या पोराला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं. मी तो प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून शाळेच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवला. बरीच खडाजंगी झाली, खर्चाचं काय वगैरे. आजारपणाची भरपगारी रजा आता मिळते. कंत्राट अजून तसंच आहे, आणि पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत मी ते पहिल्या नंबरवर टाकायला सांगितलंय.