शून्यं मोजायची नोकरी

मी घरून काम करतो, हे जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीला अजून पचलेलं नाही. त्यात माझं काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा आणि त्यात खोड काढायची. आईने एकदा शेजारच्या काकूंना हे समजावून सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि याचे पैसे देतेत?" इतकी वर्षं आपण हेच फुकट करत आलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

हा कोड म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे ड्रायव्हर: हार्डवेअर हाकणारे प्रोग्रॅम. प्रोसेसरने कधी पळायचं, कधी चालायचं आणि तो पळत असताना मेमरीने त्याला किती वेगाने डेटा पुरवायचा, हे ठरवणारे. काम कमी तर वेग कमी, वेग कमी तर व्होल्टेज कमी. आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत घटतो, म्हणून हा सगळा खटाटोप. तुमच्या फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते ती असल्या कोडमुळे. टिकत नसेल, तर तो मी तपासलेला नाही.

पहिली कटकट शून्यांची. डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलच्या, तक्त्यात प्रोसेसरचा वेग हर्ट्झमध्ये लिहायचा: १८००००००००. तोच वेग सीपीयूफ्रेकला, म्हणजे कर्नलच्या वेग सांभाळणाऱ्या भागाला, किलोहर्ट्झमध्ये लागतो: १८०००००. व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये, बँडविड्थ, म्हणजे डेटा पुरवण्याचा वेग, सेकंदाला किती किलोबाइट अशी, आणि वेग बदलायला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत. मध्ये स्वल्पविराम द्यायची सोय नाही. त्यामुळे मी स्क्रीनला बोट लावून शून्यं मोजतो. सहाव्या शून्यावर आलो की आई स्वयंपाकघरातून विचारते, "चटणीत लसूण जास्त घालू का रे?" लसूण कितीही चालेल, पण शून्यं पुन्हा पहिल्यापासून.

परवाच्या पॅचमध्ये, म्हणजे कोडात सुचवलेल्या बदलात, एकाने किलोबाइटच्या जागी मेगाबाइटचा आकडा टाकला होता. म्हणजे बँडविड्थची मागणी थेट हजारपट कमी. अशा वेळी प्रोसेसर ऐन वेगात आणि मेमरी रांगते आहे, अशी अवस्था होते. बरं, प्रोसेसर मेमरीची वाट बघत ताटकळला, तरी हिशेबात तो 'कामात' धरला जातो. गव्हर्नर नावाचा अंमलदार वरून बघतो, म्हणतो, अरेरे, बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नाही, वाढवा याचा वेग! वेग वाढतो. प्रोसेसर आणखी जोरात वाट बघतो. बॅटरी संपते, काम तसूभर पुढे सरकत नाही. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच पॅचमध्ये दुसरी गंमत होती. वेग चढवताना आधी व्होल्टेज वाढवायचं, मग वेग. उतरवताना आधी वेग कमी करायचा, मग व्होल्टेज. हा क्रम चुकला तर तुटपुंज्या व्होल्टेजवर पूर्ण वेग मागितला जातो आणि चिप जागच्या जागी मान टाकू शकते. या पठ्ठ्याने चढताना बरोबर केलं होतं आणि उतरताना उलटं. माझ्याआधी बऱ्याच जणांनी हा पॅच वाचला होता. एकाने सांगितलं, हेडर फाइल्स अक्षरक्रमाने लावा. दुसऱ्याने टॅबच्या जागी स्पेस पकडल्या. तिसऱ्याने एक ओळ ८० अक्षरांपुढे गेली म्हणून हरकत घेतली. (तपासणीच्या स्क्रिप्टने २०२० मध्ये ही मर्यादा १०० वर नेली, हरकत घेणारे ८० वरच राहिले.) व्होल्टेजबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. हे असंच चालतं. व्होल्टेज कळायला वेळ लागतो, स्पेस दिसायला लागत नाही.

पण माझा खरा राग आहे तो बँडविड्थ मागून परत न करणाऱ्यांवर. २०१९ पासून कर्नलमध्ये यासाठी इंटरकनेक्ट नावाची व्यवस्था आहे. प्रत्येक ड्रायव्हरने आपली सरासरी गरज आणि जास्तीत जास्त गरज नोंदवायची. सर्वसाधारणपणे सरासरींची बेरीज होते आणि जास्तीत जास्तपैकी सगळ्यात मोठा आकडा धरला जातो. म्हणजे एकाने जरी मोठा आकडा नोंदवून ठेवला, की बाकी सगळे झोपले तरी मेमरी जागीच. आता सोलापुरात काही दिवसांच्या खंडाने नळाला पाणी येतं तेव्हा काय होतं, आठवा. बॅरल भरतो, हंडे भरतात, बादल्या भरतात, शेवटी आमटीचं पातेलंसुद्धा घासून नळाखाली जातं. गरज किती, हा प्रश्नच नसतो; पुढचं पाणी कधी, ही धास्ती असते. ड्रायव्हर लिहिणारेही याच धास्तीने सुरुवातीलाच मिळेल तेवढी बँडविड्थ मागून मोकळे होतात. फक्त आमच्या गल्लीत नळ उघडा राहिला, तर काकू तरी ओरडतात.

या पॅचच्या सस्पेंड फंक्शनमध्ये, म्हणजे यंत्र झोपवताना चालणाऱ्या कोडात, एकच ओळ होती: रिटर्न झीरो. कर्नलमध्ये शून्य परत करणं म्हणजे 'सगळं यथासांग पार पडलं'. काडीचंही काम न करता यथासांग! मी विचारलं, मागितलेली बँडविड्थ सोडली कुठे? उत्तर आलं, "आमच्या बोर्डावर चालतंय." चालणारच. तो बोर्ड भिंतीतल्या सॉकेटला लावलेला असतो.

मग पॅच लावून मी स्वतःच कर्नल बांधायला, म्हणजे कोडातून चालता प्रोग्रॅम तयार करायला, घेतला. मे महिना, भर दुपार. लॅपटॉपने आपलं तापमान बघितलं आणि वेग मुकाट्याने खाली आणला. तेवढ्यात मित्र डोकावला. "काय करलालाव बे?" म्हटलं, बिल्ड होतंय. त्याने बराच वेळ स्क्रीनवरून सरकणाऱ्या ओळी बघितल्या आणि खोलीतला एकुलता एक टेबलफॅन माझ्याकडून लॅपटॉपकडे वळवला. वेग वाढला. लॅपटॉपचा.

अखेर नवी आवृत्ती आली. किलोबाइट बरोबर, व्होल्टेजचा क्रम बरोबर, सस्पेंडमध्ये बँडविड्थ शून्यावर. मी संमतीची ओळ टाइप करायला घेतली, एवढ्यात कुणीतरी कळवलं: विषयाच्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम नको. लेखक तत्पर. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णविराम काढलेली आवृत्ती हजर. ती त्याने जुन्याच ब्रँचवरून, म्हणजे दुरुस्तीआधीच्या प्रतीवरून, काढली होती. व्होल्टेज परत उलटं.