‘थंड बायको’चा फॉरवर्ड आणि तशीच राहिलेली गोळ्यांची पट्टी

परवा रात्री मावसबहिणीने एक मेसेज पाठवला. खाली एवढंच, “ताई, हे खरं असतं का गं?” तिच्या नवऱ्याला तो मित्रांच्या ग्रुपवर आलेला. त्यात लिहिलेलं: संभोगात जी बाई परमोच्च सुखापर्यंत पोचत नाही ती ‘थंड’. याचं कारण म्हणे लग्नाआधीचं हस्तमैथुन आणि ‘इंग्रजी’ गोळ्या. उपाय, सगळ्या गोळ्या बंद आणि 40 दिवस चूर्ण. हिने खरंच गोळ्या बंद केल्या होत्या.

म्हणून आधी गोळ्यांचंच. बाळंतपणानंतर तिला डिप्रेशन आलं, तेव्हापासून ती सर्ट्रालिन घेते. आठ दिवस पट्टी कपाटात तशीच पडून. चक्कर येते, झोप नाही, बाळ रडलं की हीपण रडते. त्या मेसेजमध्ये एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते: सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम या जातीच्या गोळ्यांनी ऑरगॅझम, म्हणजे तेच परमोच्च सुख, उशिरा येतो, कधी येतच नाही. पण हे डॉक्टरांना सांगितलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. आपल्या मनाने एकदम थांबवल्या तर आजार उलटू शकतो, आणि बाळंतिणीचं डिप्रेशन जिवावर बेतू शकतं. चूर्ण विकणाऱ्याला त्याचं काय सोयरसुतक!

आता ‘थंड’. 2018 साली अमेरिकेत डेबी हर्बेनिक आणि सहकाऱ्यांनी 1,055 स्त्रियांची पाहणी छापली. नुसत्या संभोगाने ऑरगॅझम येतो असं सांगणाऱ्या जेमतेम 18 टक्के. जवळजवळ 37 टक्के जणींना क्लिटोरिसला, म्हणजे शिश्निकेला, स्पर्श झाल्याशिवाय तो येतच नाही. मग या सगळ्या आजारी? शिश्निकेचं बाहेर दिसतं ते फक्त टोक, बाकीचा मोठा भाग आत योनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. बाईचं शरीर आहेच असं. मी बहिणीला विचारलं, तुला काय आवडतं हे त्याला कधी सांगितलंस? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “ते कसं सांगायचं गं?” र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयावर मराठीत उघड लिहीत होते, आणि आपण अजून इथेच.

आणि हस्तमैथुनाने नसा कमजोर होतात म्हणे. साफ खोटं. उलट जिला आयुष्यात एकदाही ऑरगॅझम आलेला नाही, तिला सेक्स थेरपिस्ट टप्प्याटप्प्याने हेच शिकवतात. 1970च्या दशकापासूनची ही पद्धत आहे, आणि या तक्रारीवर सगळ्यात जास्त आधार असलेल्या उपचारांपैकी एक.

चूर्णाबद्दल काय बोलायचं? पुडीवर घटकसुद्धा लिहिलेले नाहीत.

खरी कारणं शोधायची तर मधुमेह, ओटीपोटाची शस्त्रक्रिया, पाळी जाताना किंवा अंगावर पाजताना येणारा कोरडेपणा, टाके दुखणं, अपुरी झोप, नवऱ्याशी अबोला, दिवस राहण्याची धास्ती, असं सगळं तपासावं लागतं. शिवाय तक्रार सहाएक महिने टिकली आणि त्या बाईला स्वतःला तिचा त्रास होत असेल, तरच डॉक्टर तिला विकार म्हणतात. नवऱ्याला काय वाटतं, याचा त्यात संबंध नाही.

काल सकाळी तिने मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी विचारून विचारून सगळं ऐकून घेतलं, गोळी कशी सुरू करायची ते सांगितलं आणि मंगळवारी दोघांना बोलावलंय. पुडी अजून फोडलेली नाही.