नाटकावर लिहिणाऱ्यांनी आधी समीक्षक शॉ वाचावा

शिवाजी मंदिरला किंवा दीनानाथला प्रयोग झाला की रात्री सोशल मीडियावर परीक्षणं पडतात. ‘सगळ्यांचीच कामं उत्तम, नेपथ्य साजेसं, प्रकाशयोजना परिणामकारक, आवर्जून बघा.’ प्रयोगात घडलं काय, ते मात्र कळत नाही.

‘ती फुलराणी’मुळे बर्नार्ड शॉ आपल्याला नाटककार म्हणून ठाऊक. पण १८७६ मध्ये डब्लिन सोडून लंडनला आलेल्या या आयरिश तरुणाच्या पाच कादंबऱ्या प्रकाशकांनी परत पाठवल्या होत्या. पोटाला लावलं ते समीक्षेने. पुस्तकं, चित्रं, संगीत, आणि १८९५ ते १८९८ ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात नाटक.

त्याचा जून १८९५ चा लेख मिळवून वाचाच. सारा बर्नहार्ट आणि एलिओनोरा दूझे, त्या काळच्या दोन नामवंत अभिनेत्री, दोघी लंडनमध्ये एकाच सुमारास जर्मन नाटककार सुडरमानच्या नाटकात नायिका माग्दा करत होत्या. दूझे थोर, एवढं म्हणून शॉ थांबत नाही. माग्दाचा जुना प्रियकर, तिच्या मुलाचा बाप, खूप वर्षांनी समोर येतो. ती सावरते, बोलू लागते, त्याच्याकडे नीट बघते आणि लाजेने लाल व्हायला लागते. तोंड फिरवून बघते, जमत नाही, शेवटी चेहरा ओंजळीत लपवते. ही लाली दर प्रयोगाला आपोआप येते का, हेही शॉला जाणून घ्यायचं असतं. प्रयोग न पाहिलेल्यालाही दूझे दिसते ती यामुळे.

असं लिहायचं तर घरी जाताना लोकलमध्येच दोन-तीन जागा टिपून ठेवा. कोणता प्रवेश, कोणतं वाक्य, नटाने नेमकं काय केलं. सकाळी फक्त ‘मस्त होतं’ उरतं. संहिता मिळाली तर वाचा, नाहीतर लेखकाच्या वाक्याला आलेला हशा नटाच्या खात्यावर जमा होतो.

आणि भिडस्तपणा सोडा. मुंबईत सगळे एकमेकांच्या ओळखीचे, म्हणून परीक्षणं गुळमुळीत होतात, हे मला फार खुपतं. नट हेन्री अर्विंग म्हणजे तेव्हाच्या लंडनच्या रंगभूमीचा सम्राट. तो शेक्सपिअरची काटछाट करतो म्हणून शॉने त्याला छापून सुनावलं, तेही स्वतःचं ‘द मॅन ऑफ डेस्टिनी’ हे नाटक त्याच्याकडे विचारासाठी पडून असताना. १८९७ मध्ये अर्विंगने ते करायचं नाकारलं. शॉ पुढेही तितकंच रोखठोक लिहीत राहिला.