कानात तेल घालून ऑक्सिजन चेंबरमध्ये? काऊन बापा!

परवा मानेवाड्याला गेलो तर मोठी आई गॅसवर पळीत लसूण टाकून तिळाचं तेल कोमट करत होती. मोठ्या बाबांची पायाची जखम शुगरमुळे भरत नाहीये, म्हणून हायपरबॅरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये बसवून जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याचा उपचार, सुरू होणार आहे. आणि फॅमिली ग्रुपवर मेसेज आलेला: ‘आत जाण्याआधी कानात तेल घालून कापसाचा बोळा घट्ट बसवा, नाकात स्प्रे मारा. दुखलं तर नाक दाबून जोरात फुंका, नाही तर सोसा, आपोआप थांबतं.’ लिहिणाऱ्यानं चेंबर कधी पाहिला तरी आहे का?

तेलाचंच आधी. एकट्या माणसाच्या चेंबरमध्ये बहुधा शुद्ध ऑक्सिजनच भरतात. साध्या हवेत तो जेमतेम 21 टक्के. शुद्ध ऑक्सिजनमध्ये, तेही दाबाखाली, तेल पेटायला एक ठिणगी पुरते. म्हणून तर सुती कपडे घालायला लावतात, मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात, केसांना तेलाचं बोट लावू देत नाहीत. आणि हे म्हणतात कानात तेलाचा बोळा! तेलात भिजलेला कापूस म्हणजे समईची वातच की.

बरं, बोळ्यानं कान तरी वाचतो? दाब दुप्पट झाला की पडद्यामागची हवा आकसून निम्मी होते, पडदा आत ओढला जातो. तिथं नवी हवा येणार ती नाकामागच्या नळीतून. बाहेरचं भोक बुजवून काय उपयोग?

फुंकण्याचं अर्धं खरं आहे, मानतो. पण हळू फुंकायचं, नाक दाबून, तोंड मिटून. किंवा नाक दाबून आवंढा गिळायचा. तेही दाब चढू लागताच, दुखायच्या आधीपासून, पुन्हा पुन्हा. उशीर झाला की नळी दाबानं मिटून बसते, आणि तेव्हा जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊन ऐकूच कमी येऊ शकतं. दुखलं की लगेच सांगायचं. ऑपरेटर दाब थांबवतो, थोडा उतरवतो. सोसत बसलं तर पडदा फाटू शकतो.

स्प्रेचं म्हणाल तर ‘अ‍ॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन’मध्ये 1992 साली आलेल्या चाचणीत ऑक्सिमेटाझोलिन या नाक मोकळं करणाऱ्या औषधाच्या स्प्रेनं कानाच्या इजा काही कमी झाल्या नाहीत. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

मोठे बाबा आता पलंगावर बसून नाक दाबून आवंढे गिळतात. तेलात लसूण, त्यामुळे ते देवाच्या दिव्यातही घालता येईना. शेवटी वांग्याच्या भाजीत गेलं.