‘नुसती शून्ये लावा’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आकडे असलेली नावे माणसाला अपेक्षित असलेल्या क्रमाने कशी लावावीत, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : “आकड्यांच्या आधी नुसती शून्ये लावली की काम संपते; ज्याला एवढे सुचत नाही, त्याने इतरांना शिकवू नये.” यातील उत्तरार्धाची गरज नव्हती. मतभेद दाखवणे वेगळे आणि लिहिणाऱ्याची लायकी काढणे वेगळे. आपल्यासारख्या जाणकाराला हे सांगावे लागते, याचे वाईट वाटले.

नव्या फायलींना आपणच नावे देत असू, तर शून्ये लावणे सोयीचे असते, हे मान्य. परंतु माझी बरीच वर्षे गोव्यातील पेडणे-डिचोलीकडच्या जमिनींच्या याद्या संगणकावर उतरवण्यात गेली आहेत, आणि तेथे क्रमांक बदलण्याचा अधिकार आपल्याला नसतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे तिथल्या जमिनीच्या सरकारी नोंदीवर, ‘२/१’ असेल, तर यादीतही ‘२/१’च हवे; ‘००२/००१’ लिहिलेला कागद पक्षकार स्वीकारत नाही. संगणकाची साधी तुलना मात्र ‘१०/१’ला ‘२/१’च्या आधी ठेवते, कारण ती पहिल्या चिन्हातील १ आणि २ पाहूनच निकाल देते.

शून्ये दाखवू नका, फक्त क्रम लावण्यापुरती आत वापरा, असे आपण म्हणाल. त्यासाठीही मजकुरातून आकड्यांचे गट वेगळे काढावेच लागतात, आणि माझा कोड नेमके तेच करतो! शिवाय तीन अंकांची जागा धरली आणि उद्या चार अंकी क्रमांक आला, की क्रम पुन्हा बिघडतो. सुरुवातीची शून्ये सोडून आधी अंकांची संख्या आणि ती सारखी असल्यास अंक ताडून पाहिले, तर ही मर्यादा राहत नाही. ‘७’ आणि ‘००७’ समान ठरल्यावर मूळ मजकूर पाहून क्रम ठरवावा, हेही लेखात आहे. तुम्ही तिथवर वाचले असावे, असे प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

आमच्या याद्यांत देवनागरी आणि इंग्रजी अंक एकत्र येतात, ही अडचण तर शून्यांनी मुळीच सुटत नाही. मजकुराची संख्या करणारे पायथन या संगणकभाषेतले ‘इंट’ देवनागरी ‘१२’चे बारा करते, तर जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतले ‘नंबर’ ते संख्या म्हणून स्वीकारतच नाही.

एकाच यादीत देवनागरी ‘१०/२’, ‘१०/२-अ’ आणि इंग्रजी अंकांतला ‘10/10’ हे योग्य क्रमाने लावणारा, केवळ शून्यांवर चालणारा कोड तुम्ही पाठवा. तो चालला, तर तुमच्या नावानिशी लेखात घालीन.