बोअरवेलकडे जाणारा चेंडू

गेल्या गणपतीत सोसायटीच्या व्हॉलीबॉल सामन्यात बी विंगच्या एका मुलाने ओळीने अकरा सर्व्हिस माझ्यावर टाकल्या. अकरा. गुण मिळत राहिला की सर्व्हिस त्याच्याकडेच राहते, असा नियम आहे. त्यामुळे तो टाकत राहिला, मी घेत राहिलो आणि आमचे बाकीचे पाच जण कमरेवर हात ठेवून बघत राहिले. माझ्याकडे इतक्या एकाग्रतेने याआधी फक्त बँकेच्या ऑडिटरने बघितलं होतं.

चेंडू हाताला लागत नव्हता असं नाही. लागत होता. पण लागला की कोपऱ्यातल्या बोअरवेलकडे जात होता. दर वेळी. आमचा लिफ्टर, म्हणजे टीव्हीवरच्या भाषेत सेटर, पास घेऊन फटका मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा, हा दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा. हुशार आहे. पहिल्या पाच सर्व्हिसना तो नेटपाशी हात वर करून माझ्या पासची वाट बघत थांबला. सहावीपासून, समोरच्याने चेंडू उडवला रे उडवला की हा बोअरवेलकडे पळायला लागायचा. दोनदा तर चेंडूच्या आधी पोचला. त्याचं कौतुक झालं.

सामना संपल्यावर लेकीने हिशेब मांडला. ती नववीत आहे आणि शाळेच्या संघात खेळते, त्यामुळे तिची भाषा तांत्रिक आहे. "बाबा, पासला गुण असतात. लिफ्टरला जागेवर चेंडू मिळाला आणि तो कुणालाही उचलून देऊ शकला, तर तीन. त्याला चार पावलं हलावं लागलं तर दोन. कसाबसा उंच उडवून देण्यापलीकडे काही करता आलं नाही तर एक. आणि खेळच संपला तर शून्य."

"मग माझी सरासरी?"

"शून्य भागिले अकरा. तू बँकेत आहेस ना?"

हेच लागलं. चोवीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे मी. आपल्याकडे आलेलं काम अंगाला लागू न देता अलगद पुढच्या टेबलावर पोचवणं, हेच तर आयुष्यभर केलं. आणि एक चेंडू पुढच्याला देता येऊ नये? वर हा खेळ माझ्यासारख्यांसाठीच काढलेला. १८९५ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी, वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने तो काढला, तोच मुळी बास्केटबॉलची पळापळ न झेपणाऱ्या मध्यमवयीन व्यावसायिकांसाठी. नाव ठेवलं होतं 'मिंटोनेट'. नावातच औषधाच्या गोळीचा गुण आहे. जेवणानंतर एक घ्यावी असं. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि टपरीवर चहा पीत खेळाडूंच्या चुका काढत होतो. तेव्हा कुणी मला मिंटोनेट दिलं असतं, तर आज ही वेळ आली नसती.

आमच्या ए विंगमध्ये तळमजल्यावर पीटीचे एक निवृत्त सर राहतात. वय पंचाहत्तर. रोज पहाटे तळजाईची टेकडी चढून-उतरून येतात आणि अजून गळ्यात शिट्टी घालतात, कुठे जाताना कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "हात दाखवा, बँकवाले."

एका हाताची मूठ दुसऱ्या हातात धरून, दोन्ही हात पुढे करून दाखवले. सरांनी ज्योतिषासारखे न्याहाळले. "अंगठे वरखाली आहेत."

"मग?"

"मग बोअरवेल. अंगठे शेजारी शेजारी, एका पातळीत, जमिनीकडे दाबलेले. कोपरं सरळ. तेव्हा कुठे दोन्ही हातांचा मिळून पाट होतो. तुमचा पाट एका बाजूने कलंडलाय. त्यावर जेवायला बसवलं तर पाहुणा घरंगळेल."

आणि चेंडू मुठीवर घ्यायचाच नाही, मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या सपाट भागावर घ्यायचा, हेही तेव्हाच कळलं. मी इतकी वर्षं मूठच मारत होतो. मुठीवर कुठे खळगा, कुठे हाड. चेंडू कुठे जाईल ते चेंडूलाही माहीत नसतं.

पहिला आठवडा सरांनी चेंडूला हातच लावू दिला नाही. नुसतं उभं राहायचं. पाय खांद्याएवढे फाकलेले, एक पाय किंचित पुढे, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. "मागे खुर्ची आहे असं समजा, पण बसू नका." पुण्याच्या बसमध्ये उमेदवारी केल्यामुळे हे मला सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. माझ्या गुडघ्यांतून असा आवाज आला की पार्किंगमधलं मांजर उठून गेलं.

दुसऱ्या आठवड्यात चेंडू मिळाला, पण मारायला नाही, वाहायला. पुढे केलेल्या दोन्ही हातांवर चेंडू ठेवायचा आणि तो पडू न देता ए विंगपासून गेटपर्यंत चालत जायचं. हात एका पातळीत नसतील तर चेंडू लगेच घरंगळतो, म्हणून हा सराव. पण बघणाऱ्याला तो सराव आहे हे कळत नाही. मी दोन्ही हात पुढे करून, नजर चेंडूवर रोखून, गुडघ्यांत वाकून, संथ पावलं टाकत गेटकडे निघालो की वॉचमन अदबीने उभा राहून गेट उघडायचा. काहीतरी विसर्जनाला चाललंय अशी त्याची समजूत असावी. तिसऱ्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी चेंडूला नमस्कार केला.

मग खुर्ची. खरीखुरी, प्लॅस्टिकची. मी तिच्यावर बसायचं, लेकीने तीन मीटरवरून हलका चेंडू टाकायचा आणि मी तो बसल्या बसल्या तिच्या हातात परत द्यायचा. पाय नाहीत, कंबर नाही, फक्त हातांचा उतार. पहिला चेंडू माझ्या कपाळावर आला. दुसरा मी असा हाणला की लेकीला तो आणायला रस्त्यावर जावं लागलं.

सरांनी शिट्टी वाजवली. "हात हलवू नका."

"नाही हलवले."

"खांद्याच्या वर गेले. बँकवाले, जोर समोरच्याने आणलाय. घरून घेऊन आलाय तो. तुम्ही त्यात आणखी भर कशाला घालता? तुम्ही फक्त उतार धरा. हात जमिनीला समांतर असतील तर चेंडू सरळ वर जाईल, खाली झुकलेले असतील तर पुढे जाईल. आरसा आहे तो. आरसा काय करतो? काही नाही."

काही नाही! इथे सगळा घोटाळा आहे. भर न घालता गप्प राहणं हे आपल्या शहराच्या पाण्यातच नाही. कुणी नुसतं "आज पाऊस आहे" म्हणालं तरी पुणेकर खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं ते सांगितल्याशिवाय राहत नाही. मी तर सोसायटीच्या सभेत सूचक झाल्यावर स्वतःच्याच सूचनेला उपसूचना मांडलेला माणूस. नियमाप्रमाणे चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम. पाव किलो तूरडाळीपेक्षा किंचित जास्त. एवढीशी वस्तू आपल्याकडे येतेय आणि आपण तिच्यावर काहीच करायचं नाही, ही कल्पनाच हाताला पटत नाही. डोकं म्हणतं, आरसा. हात म्हणतात, एक हाणूच. माझे हात गेली एकोणपन्नास वर्षं डोक्याला न विचारता चाललेत, ते एका शिट्टीने कसे ऐकणार?

याच सुमारास मनगटापासून कोपरापर्यंत लाल ठिपके उठले. चेंडू जिथे लागायला हवा तिथेच उठले होते, म्हणून मला आनंद झाला. आईला झाला नाही. "पित्त उठलंय," असं निदान करून तिने रात्री माझ्या दोन्ही हातांना आमसुलाचं पाणी चोळलं. मी सांगितलं, अगं हे चेंडूचं आहे. ती म्हणाली, "चेंडूचं असो नाहीतर शेंगदाण्याचं, पित्त ते पित्त." सकाळी बँकेत गेलो तर कॅशियर म्हणाला, "साहेब, सोलकढी?"

भिंतीचा सराव सगळ्यात सोपा दिसतो. अडीच-तीन मीटरवर उभं राहायचं, डोक्याच्या वर खडूने खूण करायची आणि तिच्यावर पास मारत राहायचं. चेंडू परत येतो, पुन्हा मारायचा. ओळीने पंचवीस झाले की पुढची इयत्ता. भिंतीची खोड अशी, की ती तुमचं प्रेम जसंच्या तसं परत करते. अलगद दिलंत तर अलगद. तुम्ही भर घातली की तीही घालते, आणि तिसऱ्या पासला चेंडू तुमच्या छातीवर, चौथ्याला कुणाच्या तरी स्कूटरवर. आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं न हललेल्या काही स्कूटर आहेत, ज्यांचे मालक अमेरिकेत आहेत. अलार्म मात्र इथे आहेत.

चौथ्या दिवशी बोर्डावर सूचना लागली. 'सकाळी सातच्या आत कोणीही भिंतीशी खेळू नये. भिंत सर्वांची आहे.' अक्षर पहिल्या मजल्यावरच्या काकांचं. मी सातनंतर खेळायला लागलो. तर आठवड्याने काका गॅलरीतून ओरडले, "काल एकोणीस झाले होते. आज चौदाच?" म्हणजे माणूस पेपर बाजूला ठेवून मोजत होता. तिथून पुढे माझी चुकारीची वाट बंद झाली. मी बावीस म्हटलं की वरून आवाज यायचा, "एकवीस. तो मधला एक टप्पा पडून आलेला."

सरकत्या पावलांचं फार सांगत नाही. दोन कुंड्यांमध्ये आडवं, पायावर पाय न चढवता, वाकलेल्या गुडघ्यांनी सरकायचं, म्हणजे चेंडू येण्याआधी तुम्ही त्याच्या मागे जाऊन उभे असता. हात लांबवून चेंडू गाठायचा नाही, पायांनी गाठायचा. हे मला खरंच जमलं. इतकं, की मी स्वयंपाकघरातही फ्रीजपर्यंत आडवाच जायला लागलो. बायको म्हणाली, खेकडा पाळल्यासारखं वाटतं.

जीवघेणा प्रकार पुढचा. चेंडू जेव्हा दोघांच्या मधोमध येतो तेव्हा घेणाऱ्याने मोठ्यांदा "माझा!" म्हणायचं असतं, तेही चेंडू नेट ओलांडायच्या आधी. आमच्या संघात ही चर्चा चेंडू जमिनीवर पडल्यानंतर सुरू होते. मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे सद्गृहस्थ एकमेकांकडे बघतो. "तुमचा होता." "छे, तुमच्या उजव्या हाताला होता." "पण तुम्ही एक पाऊल टाकलंत." एव्हाना समोरच्यांनी पुढची सर्व्हिस केलेली असते. सर म्हणाले, "ओरडायची सवय नाही तुम्हाला." मला? सभेत माईक लागत नाही मला! पण ते ओरडणं "तुमचा! तुमचा!" या जातीचं असतं, "माझा" म्हणून ओरडायचा प्रसंग आयुष्यात आलेला नव्हता. मग सरांनी पहाटे तळजाईवर नेलं आणि झाडीकडे तोंड करून "माझा!" असं वीस वेळा ओरडायला लावलं. सहाव्या वेळी एका मोराने हरकत घेतली. बाविशीतलं एक जोडपं मात्र घाईघाईने निघून गेलं. आता घरी शेवटची पोळी ताटाकडे येताना दिसली तरी तोंडून निघून जातं.

शेवटी टोपली. धुण्याच्या कपड्यांची टोपली लिफ्टरच्या जागी ठेवायची, म्हणजे नेटजवळ, मधल्यापासून जरा उजवीकडे, आणि मागच्या रेषेजवळून तिच्यात पास टाकायचा. खरं मैदान १८ बाय ९ मीटरचं. आमचं स्कूटरी वजा जाता पंधरा बाय आठ. नेट अशोकाच्या झाडापासून जनरेटरच्या खोलीपर्यंत बांधलेलं. ते झाडापाशी पुरुषांच्या उंचीचं, २.४३ मीटर, आणि मध्ये झोळ पडून बायकांच्या २.२४ मीटरच्याही खाली. पण टोपली मी बरोब्बर मापाने ठेवली. पहिले बारा दिवस तिला फक्त पाऊस लागला. तेराव्या दिवशी एक चेंडू आत पडला. गॅलरीतून टाळी आली. एकच, पण काकांची. गणपती आले तोवर मी दहातले सहा टाकत होतो, आणि बायको कपडे बादलीत ठेवत होती.

लेकीने परस्पर मला लिबेरोचा वेगळ्या रंगाचा शर्टही आणला. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात ही जागा आहे. हा गडी मागे राहून फक्त चेंडू उचलतो. त्याने ब्लॉक करायचा नाही, म्हणजे नेटपाशी हात उंचावून समोरच्याचा फटका अडवायचा नाही, नेटच्या वरचा चेंडू मारायचा नाही. कपडे वेगळे, अधिकार नाहीत. घरात सवय होतीच.

यंदाचा सामना. समोर तोच मुलगा. त्याने चेंडू जमिनीवर दोनदा आपटला, माझ्याकडे बघितलं आणि हसला. गेल्या वर्षीचं सगळं त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. सर्व्हिस आली. "माझा!" मी ओरडलो, चेंडू पलीकडेच असताना. दोन पावलं आडवा सरकलो. गुडघे वाकले, आवाज न करता. अंगठे शेजारी शेजारी. पाट मांडला. आणि हात हलवले नाहीत. मनात आलं होतं, थोडीशी भर घालावी, पण नाही घातली.

चेंडू हातावरून नुसता उठला. सावकाश, गोल गोल फिरतसुद्धा नव्हता. अशोकाच्या झाडाएवढा वर गेला आणि नेटजवळ, मधल्यापासून जरा उजवीकडे, टोपली असते अगदी त्या जागी उतरायला लागला.

"बाबा, तीन!" लेक ओरडली. गॅलरीतले काका उभे राहिले.

तिकडे बोअरवेलपाशी आमचा लिफ्टर, आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर धरून, आभाळात चेंडू शोधत होता.