तीन टायमर आणि एक कॉमन

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग मंचाच्या क्लास लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, ‘टायमर’ नावाचा क्लास (कोडचा साचा) एक नाही. सिस्टिम.थ्रेडिंगमध्ये एक आहे, सिस्टिम.टायमर्समध्ये दुसरा आणि सिस्टिम.विंडोज.फॉर्म्समध्ये तिसरा, एकाच वाड्यात तीन जोशी असावेत तसे ते नांदतात आणि पोस्टमनने नुसते ‘जोशी’ एवढेच वाचले की घोळ सुरू होतो. त्यांचे स्वभावही निराळे आहेत. फॉर्म्समधला टायमर पडद्याच्या थ्रेडवरच, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावरच, चालतो, तर थ्रेडिंगमधला आपले काम थ्रेडपूलवर, म्हणजे मागे राखून ठेवलेल्या इतर धाग्यांवर, उरकतो, त्यामुळे त्याच्याकडून एखाद्या लेबलवरचा मजकूर बदलून घेऊ पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चालताना येणारी त्रुटी, पडते.

नेमस्पेसची, म्हणजे सिस्टिम.थ्रेडिंगसारख्या नावांच्या गटांची, सोय याचसाठी तर केलेली आहे, हे मला मान्य आहे. परंतु २०२१ साली डॉटनेट ६ आले आणि नव्या प्रोजेक्टमध्ये नेहमीच्या नेमस्पेस कोणालाही न विचारता आपोआप आत येऊ लागल्या. विंडोज फॉर्म्सच्या प्रोजेक्टमध्ये सिस्टिम.थ्रेडिंग आणि सिस्टिम.विंडोज.फॉर्म्स अशा दोघीही हजर असल्याने, मी फाइलमध्ये नेमस्पेस आत आणणारे एकही ‘युझिंग’ लिहिलेले नसताना कंपायलर (कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणारा) माझ्यावर संदिग्धपणाचा ठपका ठेवून मोकळा होतो.

हे निदान निस्तरता येते, कारण ‘युझिंग’ने टोपणनाव दिले की भागते. आमच्या कार्यालयातील लायब्ररीला मात्र उपाय नाही. नेमस्पेसमध्ये कंपनीच्या विभागांची उतरंड आणू नये, कारण विभाग अल्पायुषी असतात, असे मायक्रोसॉफ्टची मार्गदर्शक तत्त्वे बजावतात. आमच्याकडे प्रत्येक विभागप्रमुखाने आपापला विभाग नेमस्पेसमध्ये कोरून ठेवला. पुढे विभाग बरखास्त झाले आणि प्रमुख अन्यत्र रुजू झाले. नावे तेवढी राहिली, कारण ती बदलल्यास ग्राहकांचा कोड कंपाइल होणार नाही.

ज्यांना कोणताच विभाग पत्करेना, ते क्लास ‘कॉमन’मध्ये गेले. तारखा, चलन, पिनकोड तपासणे, ईमेल पाठवणे असे सगळे तिथे आहे आणि त्यांच्यात समान काय, हे विचारणे असभ्यपणाचे समजले जाते. ‘कॉमन’ मोडीत काढण्यासाठी अखेर रीतसर बैठक झाली, तीत ‘कोअर’ की ‘शेअर्ड’ यावर दोन तट पडले आणि कोणीही दुखावू नये म्हणून दोन्ही नेमस्पेस मंजूर झाल्या. ‘कॉमन’ला हात लावण्याचे धाडस अर्थात कोणी केले नाही. नव्याने रुजू झालेली मुले अमुक क्लास तिन्हींपैकी कुठे सापडेल असे आदराने विचारतात, तेव्हा मी अनुभवी माणसाच्या गांभीर्याने त्यांना क्लासच्या मूळ कोडकडे नेणारे एफ-१२ दाबायला सांगतो.